फुप्फुसाचा कर्करोग: शस्त्रक्रियेचा निकाल कशावर ठरतो?

फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झालेले दोन रुग्ण एकाच आठवड्यात एकाच शल्यचिकित्सकाकडे येतात, असे समजू. पहिल्याची गाठ जवळपास पाच सेंटिमीटरची आहे, तरी त्याला शस्त्रक्रियेची तारीख मिळते. दुसऱ्याची गाठ जेमतेम अडीच सेंटिमीटरची आहे, पण त्याच्या घरच्यांना सांगितले जाते की शस्त्रक्रियेने काही साधणार नाही, केमोथेरपी आणि रेडिएशन लवकरात लवकर सुरू करा. घरच्यांना हे सारे उलटेच वाटते. मोठी गाठ काढता येते, तर लहान का नाही? डॉक्टर काही हातचे राखून बोलत आहेत का? मग दुसरे मत, तिसरे मत अशी धावपळ सुरू होते आणि त्यात मोलाचे आठवडे निघून जातात.

हे दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात, कारण दोघांच्या रोगाचे नाव एक असले तरी रोग एक नाही. शस्त्रक्रियेचा निकाल सुरी किती सफाईने चालली यावर अवलंबून असतोच; पण सुरी पोचण्याआधी त्या गाठीने काय काय करून ठेवले आहे, यावर तो त्याहून अधिक अवलंबून असतो. आणि गाठ काय करून ठेवते, हे पुष्कळ अंशी तिच्या जातीवर ठरते.

एका नावाखाली किती रोग?

२०२२ या एका वर्षात जगभरात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण झाले आणि सुमारे १८ लाख लोक त्याने दगावले, असा अंदाज आहे. इतके बळी दुसरा कोणताही कर्करोग घेत नाही.

या रोगाची पहिली विभागणी सूक्ष्मदर्शकाखाली होते. पेशी लहान असतील, एकमेकींना खेटून बसलेल्या असतील आणि प्रत्येकीचे केंद्रक जवळजवळ सारी पेशी व्यापून टाकत असेल, तर तो ‘स्मॉल सेल’ कर्करोग. एकूण रुग्णांत त्याचा वाटा साधारण १५ टक्क्यांचा. उरलेल्या जवळपास सर्वांना ‘नॉन-स्मॉल सेल’ म्हणतात. वर्गातल्या मुलांची ‘डावखुरे’ आणि ‘डावखुरे नसलेले’ अशी हजेरी घ्यावी, तसे हे नाव आहे. दुसऱ्या गटातील मुलांबद्दल ते काहीच सांगत नाही. त्या गटात मुख्यतः दोन प्रकार येतात. श्लेष्मा तयार करणाऱ्या ग्रंथींसारख्या पेशींचा तो ॲडिनोकार्सिनोमा, आणि श्वासनलिकेच्या अस्तरात तयार होणाऱ्या चपट्या पेशींचा तो स्क्वॅमस. या दोहोंच्या बाहेर कार्सिनॉइड नावाची एक संथ गाठ आहे, आणि आणखी काही दुर्मीळ प्रकार आहेत.

ही नावे पुढे पुन्हा पुन्हा येतील. बाकीचे वैद्यकीय शब्द शक्य तितके टाळले आहेत.

शस्त्रक्रियेत नेमके काय काढतात?

फुप्फुस म्हणजे उलटे टांगलेले झाड आहे, असे मानले तर बरेच सोपे होते. मुख्य श्वासनलिका हे खोड. ते छातीत दोन मोठ्या फांद्यांत विभागते, त्या फांद्यांना आणखी फांद्या फुटतात आणि शेवटी पानांच्या जागी हवेचे सूक्ष्म फुगे असतात. उजव्या फुप्फुसाचे तीन मोठे भाग असतात आणि डाव्याचे दोन. या भागांना खंड म्हणतात. संत्र्यात फोडी असाव्यात तसे प्रत्येक खंडात उपखंड असतात, आणि प्रत्येक उपखंडाला स्वतःची नळी आणि स्वतःची रक्तवाहिनी असते.

म्हणून काढण्याचे पर्याय पायरीपायरीचे आहेत. पाचरीच्या आकाराचा लहान तुकडा, एखादा उपखंड, पूर्ण खंड, किंवा एका बाजूचे संपूर्ण फुप्फुस. गाठीची जागा जितकी खोडाजवळ, तितका काढावा लागणारा भाग मोठा, कारण फांदी बुंध्याशी कापली की तिच्यावरची सारी पाने जातात. उजवे फुप्फुस एकूण श्वसनाचा निम्म्याहून थोडा अधिक भार उचलते, त्यामुळे ते संपूर्ण काढणे डाव्यापेक्षा अधिक जोखमीचे ठरते. अनुभवी केंद्रांत एक खंड काढण्याच्या शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण शंभरात एकदोनच्या आसपास असते. संपूर्ण फुप्फुस काढताना ते त्याच्या कित्येक पट होते.

गाठीसोबत आसपासच्या लसिकाग्रंथीही काढल्या जातात. लसिका हा ऊतींमधून झिरपून परत रक्तात मिसळणारा द्रव आहे आणि लसिकाग्रंथी हे त्याच्या वाटेवरचे तपासणी नाके आहेत. गाठीतून निसटलेल्या पेशी बहुधा आधी या नाक्यांवर सापडतात. पहिला नाका फुप्फुसाच्या आत, दुसरा फुप्फुसाच्या मुळाशी, तिसरा छातीच्या मध्यभागी, हृदय आणि श्वासनलिकेच्या सभोवती. कोणत्या नाक्यावर पेशी सापडल्या, यावरून रोगाने किती मजल मारली ते कळते. ग्रंथी नीट न तपासता ‘शस्त्रक्रिया यशस्वी’ म्हणणे म्हणजे उत्तरपत्रिका न तपासता निकाल लावणे होय.

येथे दोन प्रश्न सतत एकमेकांत मिसळले जातात. गाठ निघण्याजोगी आहे का, हा एक. आणि ती काढल्यावर जे फुप्फुस उरेल त्यावर हा माणूस चालू शकेल का, जिना चढू शकेल का, हा दुसरा. दुसऱ्यासाठी श्वास जोराने सोडण्याची आणि फुप्फुसातून वायू रक्तात किती जातो याची चाचणी घेतात. पुष्कळदा गाठ निघण्याजोगी असते, पण अनेक वर्षांच्या धूम्रपानाने उरलेले फुप्फुस इतके झिजलेले असते की ती काढता येत नाही.

टक्केवारी वाचण्याआधी

कर्करोगाचे निकाल ‘पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण’ या मापाने सांगतात. शंभर जणांवर उपचार झाले आणि पाच वर्षांनी त्यांतले साठ जण हयात असले, तर ते प्रमाण ६० टक्के. त्यात हृदयविकाराने किंवा अपघाताने गेलेलेही धरलेले असतात, हे फारसे कोणी सांगत नाही.

नॉन-स्मॉल सेल कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचा सर्वांत परिचित तक्ता २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय टप्पा-वर्गीकरणातला, म्हणजे त्याच्या आठव्या आवृत्तीतला आहे. रोग किती पसरला आहे, हे या वर्गीकरणात पहिल्या ते चौथ्या टप्प्यांनी सांगतात. त्यानुसार गाठ एक सेंटिमीटरपर्यंत असून ग्रंथी कोऱ्या, म्हणजे कर्करोगाच्या पेशी नसलेल्या, असतील तर पाच वर्षांनी सुमारे ९० टक्के रुग्ण हयात असतात. दोनपर्यंत ८५, तीनपर्यंत ८०. पहिल्या टप्प्याच्या वरच्या भागात हे प्रमाण ७३ वर येते, दुसऱ्या टप्प्यात ६५ ते ५६, आणि तिसऱ्या टप्प्याच्या पहिल्या भागात ४१. एका सेंटिमीटरच्या फरकाने पाच टक्के उतरतात, आणि ग्रंथींत रोग सापडला की उतार एकदम तीव्र होतो.

या आकड्यांत एक गंमतही दडलेली आहे. हुशार तुकडीतली शेवटची पाच मुले साध्या तुकडीत बसवली, तर दोन्ही तुकड्यांची सरासरी वाढते, जरी एकाही मुलाला एकही गुण जास्त मिळालेला नसला. संपूर्ण शरीरात रोग शोधणारा पेट-सीटी स्कॅन आल्यावर असेच घडले. पूर्वी ‘दुसरा टप्पा’ समजल्या जाणाऱ्या काही रुग्णांत दूरवर पसरलेला रोग दिसू लागला, ते चौथ्या टप्प्यात गेले, आणि दोन्ही टप्प्यांचे आकडे कागदावर सुधारले. नव्या आणि जुन्या काळच्या टक्क्यांची थेट तुलना करताना म्हणूनच हात आखडता घ्यावा.

दुसरी गोष्ट अशी की हा तक्ता प्रकारांचे मिश्रण आहे. तो सरासरी सांगतो. प्रकार वेगळे केले की चित्र बदलते.

ॲडिनोकार्सिनोमा: काठावरची गाठ

हा आज सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे, आणि कधीही धूम्रपान न केलेल्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला तर तो बहुधा हाच असतो. तो बहुतेक वेळा फांद्यांच्या टोकाशी, फुप्फुसाच्या काठाकडे वाढतो. शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने ही सोय आहे, कारण थोडा भाग काढून काम भागते. रुग्णाच्या दृष्टीने मात्र अडचण अशी की काठावर वेदना जाणवणाऱ्या नसा नसतात आणि मोठी नळीही अडत नाही, म्हणून खोकला, रक्त, दम असे काहीही न होता गाठ बराच काळ वाढू शकते.

सीटी स्कॅनवर यातल्या काही गाठी घट्ट पांढऱ्या ठिपक्यासारख्या न दिसता श्वासाने धूसर झालेल्या काचेसारख्या दिसतात. त्या धुक्यातून मागच्या रक्तवाहिन्याही दिसत राहतात. अशा गाठीत कर्करोगाच्या पेशी हवेच्या फुग्यांच्या भिंतींवर नुसता थर देत पसरलेल्या असतात. भिंत फोडून आत घुसलेल्या नसतात. भिंतीवर चढलेल्या वेलीसारखी ही अवस्था आहे, विटांच्या सांध्यात मूळ गेलेले नाही. गाठ तीन सेंटिमीटरपर्यंत असून घुसखोरी अजिबात नसेल किंवा पाच मिलिमीटरपर्यंतच असेल, तर ती पूर्ण काढल्यावर त्या रोगाने मृत्यू येण्याची शक्यता जवळपास शून्य असते. २०११ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने या दोन अवस्थांना स्वतंत्र नावे दिली, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने घुसखोरी नसलेल्या अवस्थेला कर्करोगपूर्व गटात टाकले.

याच प्रकाराची दुसरी बाजू तितकीच वाईट असू शकते. पेशी लहान लहान झुपक्यांनी सुट्या होऊन तरंगत असतील किंवा सलग घट्ट पुंजक्यांत वाढत असतील, आणि असा भाग गाठीच्या २० टक्के किंवा अधिक असेल, तर ती गाठ वरच्या श्रेणीची, म्हणजे आक्रमक मानली जाते. तिचे आकारमान दोन सेंटिमीटर असले तरी ती परत येण्याची भीती मोठी असते, आणि बहुधा ती जुन्या जागी परत न येता मेंदूत, हाडांत किंवा दुसऱ्या फुप्फुसात उगवते. ‘ॲडिनोकार्सिनोमा’ एवढाच शब्द ऐकून निश्चिंत होणे किंवा घाबरून जाणे, दोन्ही घाईचे आहे.

स्क्वॅमस: चौकातला अडथळा

गल्लीच्या टोकाला झाड पडले तर तेवढी गल्ली बंद होते. चौकात पडले तर अर्धे गाव अडते. स्क्वॅमस कर्करोग बहुधा चौकात, म्हणजे मोठ्या नळ्यांजवळ होतो. धूम्रपानाशी त्याचे नाते घट्ट आहे. नळी अडल्याने वारंवार न्यूमोनिया होतो, थुंकीत रक्त दिसते, आणि त्यामुळे कधी कधी तो वेळेत लक्षातही येतो. त्याची गाठ पुष्कळदा मोठी होईपर्यंत छातीतच राहते, ॲडिनोकार्सिनोमाइतकी चटकन दूर जात नाही. आरंभीच्या पहिल्या रुग्णाची पाच सेंटिमीटरची गाठ या प्रकारची होती आणि ग्रंथी कोऱ्या होत्या, असे धरले तर त्याला मिळालेली तारीख आता उलटी वाटणार नाही.

या रोगाच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही येथूनच सुरू होतो. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुइस येथे एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी एका प्रसूतितज्ज्ञाचे संपूर्ण डावे फुप्फुस एकाच बैठकीत काढले. गाठ स्क्वॅमस होती. तो रुग्ण त्यानंतर जवळपास तीस वर्षे जगला. खुद्द ग्रॅहॅम मात्र १९५७ मध्ये फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले. निदान झाले तेव्हा तो दोन्ही फुप्फुसांत पसरलेला होता आणि काढण्याजोगा नव्हता. धूम्रपान आणि हा रोग यांचा संबंध दाखवणारे १९५० चे गाजलेले संशोधन ज्यांच्या नावावर आहे, त्यांत ग्रॅहॅम होते, आणि ते स्वतः वर्षानुवर्षे सिगारेट ओढत आले होते.

आज संपूर्ण फुप्फुस काढणे शक्यतो टाळतात. चौकातली गाठ असेल तर नळीचा रोगट तुकडा वरून खालून कापून काढतात आणि उरलेली दोन टोके पुन्हा शिवतात. पाइपचा फुटलेला भाग काढून दोन्ही टोके जोडावीत तसे. हे काम नाजूक असते, पण एक-दोन खंड वाचतात, आणि वाचलेला खंड म्हणजे पुढच्या आयुष्यातला वाचलेला श्वास. तज्ज्ञांच्या हाती या पद्धतीने रोगावरचा ताबा कमी होत नाही आणि जोखीम संपूर्ण फुप्फुस काढण्यापेक्षा कमी राहते.

निकालाबाबत एक गुंता आहे. स्क्वॅमस झालेल्या रुग्णाचे हृदय, रक्तवाहिन्या आणि उरलेले फुप्फुसही धुराने झिजलेले असते. पाच वर्षांत त्याचा मृत्यू झाला तर तो कर्करोगाने झाला असेलच असे नाही. शिवाय त्याच धुराने दुसऱ्या जागी नवा कर्करोगही होऊ शकतो. त्यामुळे या गटाचा आकडा ॲडिनोकार्सिनोमाहून कमी दिसला, की सारा दोष गाठीच्या माथी मारता येत नाही. शस्त्रक्रियेआधी सिगारेट सोडण्याचा आग्रह धरतात, तो याचसाठी. तो उपदेश म्हणून ऐकू नये, उपचाराचा भाग म्हणून ऐकावा.

कार्सिनॉइड: जिला दमा समजतात

फुप्फुसातल्या एकूण गाठींत हिचा वाटा एकदोन टक्क्यांचा. धूम्रपानाशी तिचा फारसा संबंध नाही आणि ती तुलनेने तरुण वयातही होते. पुष्कळदा ती मोठ्या नळीच्या आत, गुळगुळीत लालसर मण्यासारखी बसलेली असते. नळी अर्धवट अडली की श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येतो, म्हणून कित्येक रुग्णांवर वर्षानुवर्षे दम्याचे उपचार चालू राहतात. आवाज छातीच्या एकाच बाजूला येत असेल, तर मात्र शंका घ्यायला हवी. दमा दोन्ही बाजूंना वाजतो.

ही गाठ ‘टिपिकल’ की ‘ॲटिपिकल’, हे अक्षरशः मोजून ठरते. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली दोन चौरस मिलिमीटर जागेत किती पेशी विभाजन करताना सापडतात ते मोजतो. दोनहून कमी असतील आणि मेलेल्या पेशींचे पट्टे नसतील तर टिपिकल; दोन ते दहा असतील किंवा असे पट्टे असतील तर ॲटिपिकल. नखाच्या कोपऱ्याएवढ्या जागेतली ही मोजणी पुढच्या दशकाचा अंदाज देते. टिपिकल कार्सिनॉइड पूर्ण काढल्यावर पाच वर्षांनी नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात असतात, आणि विशेष म्हणजे एखाद्या ग्रंथीत पेशी सापडल्या तरी निकाल फारसा ढासळत नाही. इतर प्रकारांत हीच बातमी किती गंभीर असते ते वर पाहिलेच. ॲटिपिकलमध्ये मात्र प्रमाण साठ-सत्तरच्या घरात येते. केमोथेरपी आणि रेडिएशन या दोहोंना कार्सिनॉइड फारशी दाद देत नाही. येथे शस्त्रक्रिया हाच खरा उपचार आहे.

स्मॉल सेल: उंबऱ्यात दिसलेली वाळवी

उंबऱ्याला वाळवी दिसली म्हणून तेवढा उंबरा बदलून भागत नाही, कारण तोवर ती भिंतीतून छतापर्यंत गेलेली असते. स्मॉल सेलचे तसेच आहे. त्याच्या पेशी अतिशय वेगाने वाढतात आणि फार लवकर रक्तात उतरतात. निदानाच्या वेळीच साधारण दोन तृतीयांश रुग्णांत तो छातीच्या त्या बाजूपलीकडे गेलेला असतो. उरलेल्या एक तृतीयांशातही बहुतेकांच्या छातीच्या मधल्या ग्रंथी व्यापलेल्या असतात. आरंभीच्या दुसऱ्या रुग्णाची गाठ अडीच सेंटिमीटरची होती, पण मधल्या ग्रंथी भरलेल्या होत्या. गाठ काढली असती, तरी रोग जागच्या जागी राहिला असता, आणि शस्त्रक्रियेची जखम भरेपर्यंत केमोथेरपीचे बहुमोल आठवडे वाया गेले असते.

हे अनुभवाने शिकावे लागले. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये १४४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करून एकाला शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याला रेडिएशन देण्यात आले. शस्त्रक्रियेच्या गटातील रुग्ण सरासरी १९९ दिवस जगले, रेडिएशनच्या गटातील ३०० दिवस. शस्त्रक्रियेच्या गटातला पाच वर्षे जगलेला एकमेव रुग्णही असा, की त्याची शस्त्रक्रिया प्रत्यक्षात झालीच नव्हती. त्याला रेडिएशन दिले गेले होते. त्यानंतर स्मॉल सेल आणि सुरी यांची फारकत झाली.

पण त्या प्रयोगातले रुग्ण दुर्बिणीने नळीत दिसणाऱ्या, म्हणजे चौकातल्या गाठींचे होते, आणि तेव्हा सीटी स्कॅनही नव्हता. आज शंभरातल्या चार-पाच रुग्णांत हा रोग फुप्फुसाच्या काठावर, लहान आणि ग्रंथी कोऱ्या असताना सापडतो. कित्येकदा तर एकटा ठिपका म्हणून काढलेली गाठ नंतर स्मॉल सेल निघते. अशांत गाठ काढून लगेच केमोथेरपी दिली, तर पाच वर्षांनी चाळीस ते पन्नास टक्के रुग्ण हयात असल्याचे दिसते. या रोगाच्या मानाने हा आकडा मोठा आहे. ‘स्मॉल सेलवर शस्त्रक्रिया कधीच करत नाहीत’ हे वाक्य म्हणून पूर्ण खरे नाही. मात्र शस्त्रक्रियेआधी छातीच्या मधल्या ग्रंथींतून सुईने नमुना घेऊन त्या कोऱ्या असल्याची खात्री करावी लागते, आणि मेंदूचा स्कॅनही.

‘लार्ज सेल न्यूरोएंडोक्राइन’ नावाचा त्याचा एक भाऊबंद आहे. नावात ‘लार्ज’ असले तरी स्वभाव स्मॉल सेलकडे झुकणारा. तो नॉन-स्मॉल सेलप्रमाणे काढला जातो, पण पहिल्या टप्प्यातही त्याच टप्प्यातल्या ॲडिनोकार्सिनोमापेक्षा बऱ्याच अधिक वेळा परत येतो.

‘सुरी लावली की कर्करोग खवळतो’, हे खरे का?

हवा लागली की गाठ पसरते, अशी समजूत जगभर आढळते. तिच्यामागे डोळ्यांनी पाहिलेला अनुभव असतो, म्हणून ती सहज हसण्यावारी नेऊ नये. पूर्वी शस्त्रक्रियेसाठी छाती उघडल्यावर रोग पसरलेला दिसे, छाती तशीच बंद करावी लागे आणि काही महिन्यांत रुग्ण दगावे. नातेवाइकांना दिसे ते एवढेच, की माणूस चालत गेला आणि शस्त्रक्रियेनंतर खंगला. प्रत्यक्षात पसरलेला रोग आधीच तेथे होता, फक्त तो दाखवणारा स्कॅन नव्हता. हवेने कर्करोग पसरत नाही. फुप्फुसात तर श्वासागणिक हवाच जात असते.

‘मग जास्तीत जास्त फुप्फुस काढून टाकलेले बरे नाही का?’

शंभर टक्के तर्कशुद्ध वाटणारी ही शंका शल्यचिकित्सकांनाही होती. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लहान तुकडा काढलेल्यांमध्ये रोग त्याच जागी परत येण्याचे प्रमाण पूर्ण खंड काढलेल्यांच्या तिप्पट निघाले, आणि पुढची पंचवीसेक वर्षे ‘किमान एक खंड’ हा नियम राहिला. मग स्कॅन सूक्ष्म झाले, गाठी लहान असतानाच सापडू लागल्या आणि प्रश्न पुन्हा विचारला गेला. जपानमध्ये दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या ११०६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २०२२ मध्ये आला: उपखंड काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के पाच वर्षांनी हयात होते, पूर्ण खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. गंमत अशी की उपखंडाच्या गटात त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण दुपटीच्या जवळ होते, १०.५ विरुद्ध ५.४ टक्के, तरीही जास्त लोक जगले. अधिक फुप्फुस शिल्लक असल्याने परतलेल्या रोगावर किंवा दुसऱ्या आजारावर उपचार झेपले, हे त्याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे.

पुढच्याच वर्षी मुख्यतः अमेरिकेतल्या ६९७ रुग्णांच्या अभ्यासातही खंडाहून कमी भाग काढणे आणि पूर्ण खंड काढणे या दोन्ही पद्धती तुल्यबळ ठरल्या, पण आकडे ८० टक्क्यांच्या आसपास होते. जपानी शल्यचिकित्सक अधिक कुशल आहेत, असा निष्कर्ष येथे काढू नये. जपानी अभ्यासात ॲडिनोकार्सिनोमा फार होते आणि त्यांत धूसर काचेसारख्या गाठींचा वाटा मोठा होता. अमेरिकेत धूम्रपान केलेले, इतर आजार असलेले रुग्ण अधिक. गाठीचा आकार सारखा, शस्त्रक्रियाही बऱ्याच अंशी सारखी, आणि निकालात बारा ते चौदा टक्क्यांचा फरक. प्रकार आणि रुग्ण बदलला की आकडा कसा सरकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

छिद्रांतून, कॅमेऱ्याच्या साह्याने केलेल्या शस्त्रक्रियेत गाठ अर्धवट राहते, ही भीतीही निराधार आहे. ब्रिटनमधल्या २०२२ च्या अभ्यासात त्या पद्धतीने वेदना कमी झाल्या, रुग्ण लवकर हिंडूफिरू लागले, आणि कर्करोग काढण्यात कुठे कसर राहिली नाही.

‘गाठ पूर्ण निघाली, मग पुन्हा औषधे कशाला?’

शेतातले तण मुळासकट उपटले तरी मातीत पडलेले बी दिसत नाही. शस्त्रक्रियेनंतरची औषधे त्या बियांसाठी असतात, आणि कोणते औषध चालेल हेही प्रकारावर ठरते. ॲडिनोकार्सिनोमात पुष्कळदा ईजीएफआर किंवा एएलके नावाच्या जनुकांत बदल सापडतो, आणि त्यावर नेमक्या गोळ्या आहेत. ईजीएफआर बदल असलेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत ऑसिमर्टिनिब ही गोळी घेणाऱ्यांपैकी ८८ टक्के पाच वर्षांनी हयात होते. न घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के. स्क्वॅमसमध्ये हे बदल क्वचित सापडतात. तेथे शस्त्रक्रियेआधीच केमोथेरपीबरोबर रोगप्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधे देण्याचा मार्ग अधिक उपयोगी पडतो. ती पद्धत तपासणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात दोन्ही प्रकारचे रुग्ण होते, काढलेल्या भागात कर्करोगाची एकही जिवंत पेशी न सापडण्याचे प्रमाण २.२ वरून २४ टक्क्यांवर गेले. हाती गाठ असताना ती लगेच न काढता दोन-तीन महिने औषधे देणे घरच्यांना जिवावर येते, हे समजण्यासारखे आहे. पण तो वेळकाढूपणा नसतो.

हाती येणारा कागद

शस्त्रक्रियेनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी पॅथॉलॉजीचा अहवाल येतो. त्यातली पहिली ओळ प्रकाराची असते; ॲडिनोकार्सिनोमा असेल तर खाली वाढीच्या नमुन्यांचे टक्के दिलेले असतात. ‘पीटी’ पुढचा अंक गाठीचा आकार व घुसखोरी सांगतो. ‘पीएन’ पुढे शून्य म्हणजे ग्रंथी कोऱ्या. पण किती ग्रंथी तपासल्या तो आकडाही पाहावा, कारण दोनच ग्रंथी तपासून आलेला शून्य आणि पंधरा तपासून आलेला शून्य यांचे वजन सारखे नाही. ‘आर’ पुढे शून्य म्हणजे कापलेल्या कडेवर पेशी नाहीत. या चार ओळी घेऊन डॉक्टरांना विचारावे, की रोग परतलाच तर कुठे आणि कधी परतण्याची शक्यता आहे. स्मॉल सेल असेल तर पहिल्या दोन वर्षांत दर काही महिन्यांनी स्कॅन होतात, मेंदूचेही. वरच्या श्रेणीच्या ॲडिनोकार्सिनोमात पहिली पाच वर्षे महत्त्वाची. आणि त्या पहिल्या ओळीत ‘टिपिकल कार्सिनॉइड’ लिहिलेले असेल, तर तपासण्या विरळ असतात, पण ती गाठ दशकानंतरही परतू शकते, म्हणून तारखांची ती माळ दहा वर्षांहून लांब असते.